रक्तातली चोरी कशी पकडतात?

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’चे सायकलपटू आपल्या जिल्ह्यातले घाट चढले. उद्या कारेगाव-शिरूरकडची पोरंही त्यात उतरावीत, आणि स्वच्छ रक्तानं उतरावीत.

घाटात दम टिकतो तो तांबड्या पेशींवर. मूत्रपिंडात तयार होणारं ‘ईपीओ’ त्या वाढवतं. तेच बाहेरून टोचलं की रक्त दाट होतं, गुठळीचा धोका वाढतो. त्याची चाचणी २००० साली आली, पण औषधाचा माग लघवीत फार दिवस राहत नाही. म्हणून २००८ पासून ‘जैविक पासपोर्ट’: एकाच खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं तपासायचं. साठवलेलं स्वतःचंच रक्त चढवलं, तर हिमोग्लोबिन वाढतं, पण कोवळ्या तांबड्या पेशी घटतात. चोरी तिथं उघडी पडते.

नुसत्या वेगावरून संशय घेणं मात्र अन्यायाचं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची ‘टूर द फ्रान्स’ची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली, तीही वेगावरून नव्हे, तर सहकाऱ्यांच्या शपथेवरच्या साक्षींनंतर.