हापूसला तासभर, मोतीला चार महिने

क्वारंटाइन म्हणजे काय, हे रत्नागिरीकरांना करोनाच्या कितीतरी आधी हापूसने शिकवले आहे. भारतीय आंब्याला कित्येक वर्षे बंद असलेले अमेरिकेचे दार 2007 मध्ये उघडले, तेही पेट्या लासलगावला नेऊन गॅमा किरणांखालून काढण्याच्या अटीवर. पुढे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून, म्हणजे ऐन हंगामात, आंबा अडवला, कारण आधी गेलेल्या मालात फळमाशी सापडली होती. 2015 मध्ये बंदी उठली, ती 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवण्यासारख्या प्रक्रियांची हमी घेऊनच. ज्या बागायतदाराच्या कलमांवर माशी औषधालाही नव्हती, त्याचीही पेटी तेव्हा अडली. सरहद्दीवर बाग कोणी ओळखत नाही, देश ओळखतात. पाळीव कुत्र्यामांजरांचे नियम याच एका गोष्टीवर उभे आहेत, आणि ती लक्षात घेतली नाही तर ते निव्वळ छळ वाटतात.

रत्नागिरी, राजापूर, खेड, दापोलीकडची माणसे वर्षानुवर्षे आखातात नोकरीला जात आली. आता मुले जर्मनीत नाहीतर अमेरिकेत स्थिरावतात, आणि घराला कुलूप लावून आईवडील तिकडे निघाले की अंगणातल्या मोतीचे काय, हा प्रश्न येतो. तिकिटे आधी निघतात, मोतीचा विचार मागाहून होतो आणि तिथेच गाडी अडते. रेबीजबाबत ज्यांच्यावर भरवसा ठेवता येईल अशा देशांची यादी युरोपीय संघाने केली आहे, तीत भारत नाही. त्यामुळे आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, तीही पिल्लू किमान 12 आठवड्यांचे झाल्यावर. लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना. संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत त्यात दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंडे भरली पाहिजेत, आणि नमुना घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचे. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र. कोकणातल्या माणसाला त्यासाठी मुंबईला केंद्र सरकारच्या पशु संगरोध कार्यालयाची पायरी चढावी लागते. बेरीज चार महिन्यांच्या पुढे जाते. यात सर्वांत जास्त घोळ होतो तो पहिल्या दोन पायऱ्यांत. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. जाड सुईने ती दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते, कुत्रा हरवला तर तो कुठे आहे हेही ती सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की 15 आकडे दाखवते, बस्स. पण ते आकडे लसीच्या नोंदीत नसतील, तर ती लस नेमकी याच कुत्र्याला टोचली कशावरून? म्हणून चिप बसवण्याआधीची लस, मालकाने दरवर्षी न चुकता टोचून घेतली असली तरी, हिशेबात धरत नाहीत. आपल्याकडे लस टोचून घेणारे पुष्कळ, चिप बसवणारे थोडे.

यावर रास्त आक्षेप असा, की रक्ततपासणीत प्रतिपिंडे पुरेशी निघाली, म्हणजे लस लागू पडली; मग वर तीन महिने कशाला? कारण तपासणी लस लागू पडल्याचे सांगते, लसीच्या आधी काय घडले ते सांगत नाही. आधीच पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकत असतो आणि त्याला कधी काही आठवडे, कधी महिने लागतात. या काळात कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. रोगाचे खात्रीचे निदान मेंदूच्या नमुन्यावरून होते, म्हणजे जनावर मेल्यावर. आंब्यातली अळी तासाभरात मारता येते. इथे वाट पाहण्यावाचून इलाज नाही. ब्रिटनने हे भोगून पाहिले आहे. परक्या कुत्र्यांना तिथे सहा महिने कोंडून ठेवण्याचा नियम होता. 1969 मध्ये जर्मनीहून आलेला एक कुत्रा सरे परगण्यातल्या कँबर्लीत हा बंदिवास पुरा भोगून बाहेर आला आणि थोड्याच दिवसांत पिसाळला. नुसते कोंडून भागत नाही, नुसत्या लसीनेही नाही, म्हणून 2000 पासून चिप, लस आणि रक्ततपासणी यांची सांगड घालणारी पद्धत तिथे आली. एक बारकावा तर बोलका आहे. जर्मनीतल्या कुत्र्याची रक्ततपासणी निघण्याआधी तिथेच झाली असेल आणि पुढच्या लसी वेळेवर झाल्या असतील, तर तो रत्नागिरीत सुट्टी घालवून परतताना तीन महिन्यांची अट त्याला लागत नाही. कुत्रा तोच, रत्नागिरीचे अंगणही तेच. पण नमुना घेतला तो प्रदेश भरवशाचा.

कागद खरा असताना संशय का, हा दुसरा आक्षेप. जून 2021 मध्ये अझरबैजानहून शिकागोला तीसेक कुत्र्यांची एक खेप उतरली. लसीचे दाखले सोबत होते, तरी त्यातला एक पेनसिल्व्हेनियात पोहोचल्यावर रेबीजग्रस्त निघाला. खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट आधीपासून डोक्याला ताप झालाच होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने रेबीजचा धोका मोठा असलेल्या शंभराहून अधिक देशांतल्या कुत्र्यांना तात्पुरती बंदी केली, त्यात भारतही आला. 1 ऑगस्ट 2024 पासूनच्या नियमांत कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, आणि भारतात लस टोचली असेल तर मान्य प्रयोगशाळेतली रक्ततपासणी नसल्यास 28 दिवसांचे क्वारंटाइन आहे. ऑस्ट्रेलिया त्याहून कडक: भारतातून थेट प्रवेशच नाही, आधी मान्यता असलेल्या एखाद्या देशात 180 दिवस राहून यायचे. रेबीज नसलेल्या बेटाने दार घट्ट लावावे हे समजते, पण सामान्य घराला हा मार्ग जवळपास बंदच.

आपल्या सरकारचा नियम मात्र मला पटवून घेता येत नाही. 2013 च्या परिपत्रकाने सामानासोबत पाळीव जनावर आणण्याची मुभा दिली ती परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्यांना, माणशी दोन जनावरांपुरती. बाकीच्यांनी आयात परवाना काढायचा. पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्री आणणाऱ्यांना रोखणे हा हेतू असेल, पण दोन वर्षांचा आणि रोगाचा संबंध काय? आखातातली नोकरी चौदा महिन्यांत सुटलेल्या माणसाचे मांजर दोन वर्षांवाल्याच्या मांजरापेक्षा धोक्याचे नसते. (पिंजऱ्यातल्या पोपटाचा प्रश्न तर उद्भवतच नाही. आपला राघू 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला घरात ठेवणे हाच गुन्हा, मग विमानात बसवणे दूरच.)

हे सगळे विमानाने कुत्रा नेणाऱ्यांचे चोचले, बाकीच्यांनी त्याची चिंता का करावी, असेही कोणी म्हणेल. पण मोतीला चार महिने थांबवतो तो बसस्टँडवरचा, मासळीबाजारातला बेवारस कुत्रा. जगात माणसांना होणारा रेबीज 99 टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बळींत जवळपास 40 टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. परदेशी अधिकाऱ्याला प्रमाणपत्रावर जो धोका दिसतो, तो आपल्या शाळेच्या वाटेवर रोज उभा असतो. त्यावर उपाय माहीत नाही असेही नाही. वस्तीतल्या 70 टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात ‘मिशन रेबीज’ने सरकारच्या साथीने हेच केले: माणसे जाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरली, वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचली, आणि 2017 नंतर काही वर्षे तिथे रेबीजने माणूस दगावला नाही. पण पत्रादेवीच्या नाक्यावर कुत्र्याला कोणी कागद विचारत नाही. तो बांद्याहून पेडण्याला आणि पेडण्याहून बांद्याला हवा तसा जातो. शिवाय युरोपला जाणाऱ्या प्रमाणपत्रावर पणजीच्या कुत्र्यापुढे आणि रत्नागिरीच्या कुत्र्यापुढे देशाचे नाव एकच लिहिले जाते: भारत.