वराहज्वरावरील लसींचा प्रश्न

पशुवैद्यकीय ग्रंथांत ‘वराहज्वर’ या एकाच नावाखाली दोन रोगांचे वर्णन आढळते. एक युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून परिचित असलेला, ज्याला आता ‘क्लासिकल’ हे विशेषण जोडण्याचा प्रघात आहे; आणि दुसरा आफ्रिकी. दोहोंतही जनावरास तीव्र ताप येतो, ते अन्न टाकते, कानांवर व पोटाखाली जांभळट डाग उमटतात आणि बहुधा थोड्याच दिवसांत ते दगावते. डोळ्यांना भेद दिसत नाही, म्हणून नावही एकच पडले. ज्वर, ताप, कॉलरा यांसारखी नावे लक्षण सांगतात, कारण सांगत नाहीत. लस मात्र कारणावरच बेतावी लागते, आणि कारणाच्या दृष्टीने हे दोन रोग परस्परांपासून फार दूरचे आहेत. (माणसाला यांपैकी एकही रोग होत नाही, ‘स्वाइन फ्लू’शी तर त्यांचा काडीमात्र संबंध नाही.)

नावाने दिशाभूल होण्याचा पहिला प्रसंग अमेरिकेतला. तेथे या रोगास ‘हॉग कॉलरा’ म्हणत. १८८५ च्या सुमारास सॅमन व स्मिथ यांना आजारी डुकरांत एक जंतू सापडला आणि तोच रोगाचे मूळ होय असा समज रूढ झाला. त्या जंतुवंशाला पुढे सॅमन यांच्यावरूनच ‘साल्मोनेला’ हे नाव मिळाले. परंतु रोगाचे कारण तो नव्हता. जंतूंना अडवणाऱ्या गाळणीतून पार झालेल्या द्रवानेही डुकरे आजारी पडतात, हे द श्वाइनित्झ व डॉर्सेट यांनी १९०३ मध्ये दाखविले आणि विषाणूचे अस्तित्व सिद्ध झाले. डॉर्सेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लवकरच एक धाडसी उपाय योजला: रोगातून बचावलेल्या डुकराचा रक्तरस आणि जिवंत, जहाल विषाणू ही दोन्ही एकाच वेळी टोचावयाची. रक्तरस तात्काळ संरक्षण देई, विषाणू टिकाऊ प्रतिकारक्षमता उत्पन्न करी. पद्धत यशस्वी ठरली, पण प्रत्येक टोचणीबरोबर जहाल विषाणू गोठ्यात येत राहिला. रोग आटोक्यात राहिला, निर्मूळ होईना. अमेरिका या रोगापासून मुक्त झाल्याची घोषणा झाली ती १९७८ मध्ये, आणि तीही जिवंत विषाणूच्या लसी बंद केल्यावर.

त्यापूर्वीच क्षीण केलेल्या विषाणूचा मार्ग सापडला होता. विषाणू डुकराऐवजी सशात वाढवावयाचा, एका सशातून दुसऱ्यात असा शेकडो वेळा न्यावयाचा; सशाशी जुळवून घेता घेता तो डुकराच्या बाबतीत निरुपद्रवी होतो. १९५० नंतरच्या दशकात चीनमध्ये सिद्ध झालेला ‘सी’ वाण याच रीतीचा. त्याच्या यशाचे रहस्य विषाणूच्या साधेपणात आहे. त्याचे आरएनए जेमतेम १२,३०० घटकांचे असून त्याच्या आवरणावरील ‘ई-२’ या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाली की बहुतांशी काम होते.

भारतात १९६४ पासून सशात वाढविलेल्या वेब्रिज वाणाची लस वापरात आली. तीत अडचण होती ती सशांची. २०२० मध्ये शासकीय निवेदनात दिलेल्या आकड्यांप्रमाणे एका सशाच्या प्लीहेतून सुमारे ५० मात्रा मिळत. देशाची वार्षिक गरज २ कोटी २० लक्ष मात्रांची, उत्पादन मात्र अवघे १२ लक्षांचे. त्याच वर्षी इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने देशी वाणापासून केलेली पेशीसंवर्धित लस सादर केली. तिला ससे लागत नाहीत.

लस चांगली असूनही ती न टोचण्याचा निर्णय घेतला जातो, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या डुकराच्या रक्तात तीच प्रतिपिंडे आढळत असल्याने व्यापारात दोघांत फरक करता येत नाही. या कारणास्तव युरोपीय समुदायाने १९९० पर्यंत सरसकट लसीकरण थांबविले. पुढे १९९७-९८ मध्ये नेदरलँड्समध्ये साथ आली तेव्हा एक कोटीहून अधिक डुकरे मारावी लागली. त्यांतील बहुसंख्य निरोगी होती. त्यानंतर केवळ ‘ई-२’ प्रथिनाची लस वापरात आली. तिने उत्पन्न केलेली प्रतिपिंडे नैसर्गिक संसर्गापासून वेगळी ओळखता येतात.

आफ्रिकी वराहज्वराची कथा निराळी. १९२१ मध्ये माँटगोमेरी यांनी केनियातील या रोगाचे वर्णन केले, तेव्हाच जुन्या रोगाचा रक्तरस येथे निष्फळ ठरतो हे लक्षात आले होते. याचा विषाणू डीएनएचा, प्रचंड आकाराचा, दीडशेहून अधिक प्रथिने घडविणारा आहे. शिवाय तो वाढतो महाभक्षी पेशींत, म्हणजे शत्रूला गिळून टाकणे हेच ज्यांचे काम त्यांच्यातच. प्रतिपिंडे निर्माण होतात, पण ती एकटी पुरत नाहीत. मृत विषाणूची लस जवळजवळ निरुपयोगी ठरते. उरतो क्षीण केलेल्या जिवंत विषाणूचा मार्ग.

तो मार्ग पोर्तुगालने चोखाळून पाहिला. १९५७ मध्ये व पुन्हा १९६० मध्ये रोग लिस्बनला पोहोचला, तेव्हा पेशीसंवर्धनात क्षीण केलेला विषाणू लाखो डुकरांना टोचण्यात आला. पुष्कळ डुकरांना न्यूमोनिया झाला, सांधे सुजले, कातडीवर व्रण पडले. काही वरून धडधाकट दिसत पण विषाणू बाळगून राहिली. या अनुभवाने संशोधकांचा धीर अनेक दशके खचला, आणि तो खचणे रास्त होते.

२००७ मध्ये विषाणू जॉर्जियात शिरला, २०१८ मध्ये चीनमध्ये, २०२० मध्ये आसाम व अरुणाचलात, तेव्हा प्रश्न नव्याने हाती घ्यावा लागला. आता नशिबावर हवाला ठेवून विषाणू क्षीण करण्याऐवजी नेमके जनुक काढून टाकणे शक्य होते. अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘आय-१७७-एल’ हे जनुक वगळलेला विषाणू तयार केला. त्यावरील लसीला व्हिएतनामने जून २०२२ मध्ये मान्यता दिली. ऑगस्टमध्ये शेकडो डुकरे दगावल्याने वापर स्थगित झाला. २०२३ मध्ये तेथेच दुसऱ्या एका लसीबरोबर ती पुन्हा मोकळी करण्यात आली. मूळ अडचण पूर्णतः मिटलेली नाही. जिवंत लस पुन्हा जहाल होऊ शकते, किंवा रानटी विषाणूशी तिची सरमिसळ होऊ शकते. चीनमध्ये दोन जनुकप्रकारांचे संकर झालेले विषाणू आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ही भीती केवळ तर्काची राहिलेली नाही.

२०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ९० लक्ष डुकरे होती व त्यांपैकी २१ लक्ष एकट्या आसामात. ईशान्येकडे ती बहुधा दोनचार अशा संख्येने घराच्या मागल्या अंगणात पाळली जातात. मुलांची फी, आजारपण, लग्नकार्य अशा वेळी ती विकून रोख पैसा उभा करता येतो. साथीत बाधित जागेभोवतालच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यातील सर्व डुकरे मारण्याचा शासकीय आराखडा आहे. युरोपातील मोठा उत्पादक कळप गमावून पुन्हा उभा करतो, अंगणातल्या दोन डुकरांच्या मालकाला ते सुलभ नसते. म्हणून अशा प्रदेशाला लस हवी ती एका मात्रेत काम भागविणारी, गाभण मादीलाही निर्धोक, आणि जिच्याबरोबर संसर्गाचा भेद सांगणारी रक्तचाचणीही मिळेल अशी. या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या करण्याचा प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहे.