संगणकाला लहर येते कुठून?

नांदेडच्या गाड्यांवर एमएच २६, लातूरच्या गाड्यांवर एमएच २४. आता सांगा, तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड काय? अहो, नको, सांगू नका! फक्त मनातल्या मनात तपासा: त्यात गाडीचा नंबर, आडनाव किंवा कुणाचा वाढदिवस दडलाय का?

चोराचा प्रोग्रॅम आधी हेच सगळं लावून बघतो. वाढदिवसाचंच घ्या. १०० वर्षांतल्या सगळ्या तारखा मोजल्या तरी भरतात जेमतेम ३६,५२५. पापणी लवायच्या आत संगणक त्या तपासून मोकळा!

“मग मनाला येईल ते काहीही टाकू,” असं म्हणताय? वर्गात विचारून बघा. १ ते १० मधला कुठलाही आकडा पटकन धरा म्हणावं. ७ धरणारे भरपूर निघतील. १ आणि १० बिचारे कोपऱ्यात. ‘काहीही’ निवडणं माणसाला जमतच नाही मुळी.

हे काम करणारा एक चिमुकला प्रोग्रॅम आहे, पीडब्ल्यूजेन. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत, रंगीत खिडक्या नाहीत. नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकणारी एखादी ताई ओळखीची असेल, तर तिला लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, तो चालवून दाखवायला सांगा. ती प्रोग्रॅमचं नाव टाइप करेल, पुढे एक आडवी रेघ आणि ‘एस’, मग १२ आणि १. एंटर! बारा खुणांचा एक पासवर्ड हजर. ‘एस’ गाळला तर तो जिभेवर बसतील असे पासवर्ड देतो. लक्षात ठेवायला सोपे, पण मी म्हणेन, ‘एस’ असू द्याच.

पण थांबा! संगणक म्हणजे महाआज्ञाधारक. तेच गणित घातलं की तेच उत्तर. मग त्याला अशी लहर येते कुठून?

तुमच्याकडून! तुम्ही एक कळ दाबता, मग दुसरी. मधला वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत मोजला, तर दर वेळी थोडा निराळाच निघतो. माउस हलतो, डिस्कवरून माहिती येते, त्यांच्याही वेळा अशाच मागेपुढे. लिनक्स हे बारीकसारीक फरक गुपचूप गोळा करतं, पत्त्यांसारखे पिसतं आणि त्यातून कुणालाच ओळखू न येणारे आकडे काढतं. थिओडोर त्सो या प्रोग्रॅमरनी १९९४ मध्ये लिनक्सला ही युक्ती शिकवली. आज वापरात असलेला पीडब्ल्यूजेनही त्यांनीच लिहिलाय.

आता जरा गणित. लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं २६, मोठ्या लिपीतली २६, अंक १०. झाल्या ६२ खुणा. आठ जागा भरायच्या तर ६२ आठ वेळा मांडून गुणा: सुमारे २१८ लाख कोटी पासवर्ड! सेकंदाला १०० कोटी पासवर्ड तपासणारं यंत्र ते सगळे अडीच दिवसांत संपवतं. आठाऐवजी बारा जागा केल्या तर? त्याच यंत्राला लागतील सुमारे एक लाख वर्षं. चारच खुणा वाढल्या हं!

आणखी एक गंमत. पुढे काहीच न लिहिता नुसतं पीडब्ल्यूजेन चालवलं, तर पडदाभर पासवर्ड उमटतात. एवढे कशाला? तुमच्या खांद्यावरून कुणी डोकावत असेल, तर त्यातला कुठला तुम्ही उचललात हे त्याला कळू नये म्हणून. निवडा आणि पडदा झटकन पुसून टाका.