कोलोस्टोमी
कोलोस्टोमी म्हणजे मोठे आतडे पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून मलविसर्जनासाठी कृत्रिम मार्ग (स्टोमा) तयार करण्याची शस्त्रक्रिया होय. लूप पद्धतीत आतड्याचे वेटोळे बाहेर घेऊन समोरून उघडतात. ते पुढे बंद करणे तुलनेने सोपे असते. मात्र आतडे बाहेर घसरण्याचा धोका अधिक असतो. फ्रेंच शल्यविशारद आंरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून वरचे टोक बाहेर आणतात व खालचे शिवून पोटातच ठेवतात. ती टोके पुन्हा जोडणे ही मोठी शस्त्रक्रिया असल्याने ‘तात्पुरता’ म्हणून केलेला स्टोमा अनेकांच्या बाबतीत कायमचाच राहतो.

स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो, म्हणून जड ओझे टाळण्यास सांगतात. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात मोळ्या उचलून पोट भरणाऱ्यासाठी हा सल्ला रोजगाराचाच प्रश्न ठरतो. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्णाला बसवून, नाडा किंवा साडीच्या निऱ्यांची रेषा टाळून आखतात.