नक्की कळेपर्यंत थांबायचे का?

गेल्या वर्षी ऐन जानेवारीत आमचा गॅसचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने तात्पुरता चालू करून दिला आणि म्हणाला, हा फार दिवस टिकणार नाही. मग घरात चर्चा सुरू झाली, की नवा पुन्हा गॅसचाच घ्यायचा की विजेवर चालणारा हीट पंप बसवायचा? ७,५०० पौंडांचे सरकारी अनुदान धरूनही पंप आम्हाला बराच महाग पडत होता. त्याच आठवड्यात मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ खाता खाता आमच्या एका डॉक्टर मित्रांनी मला सुनावले, "अहो, पृथ्वी किती तापणार हे तुमच्या शास्त्रज्ञांनाच नक्की सांगता येत नाही. आधी त्यांचे ठरू द्या, मग पैसे घाला!"

त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. (मंडळातल्या वादाची उत्तरे नेहमी परतताना मोटारीत सुचतात.) म्हणून हा लेख.

डॉक्टरांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, हे आधी मान्य करतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर सरासरी तापमान किती वाढेल? अमेरिकेतल्या चार्नी समितीने १९७९ साली उत्तर दिले, दीड ते साडेचार अंश. त्यानंतर संगणक कुठल्या कुठे गेले, तरी २०१३ च्या आयपीसीसी अहवालात तेच दीड ते साडेचार! २०२१ मध्ये कुठे ते अडीच ते चारवर आले. मुख्य अडचण ढगांची. तापलेल्या जगात ते कसे वागतील याचा हिशेब अतिशय किचकट आहे.

पण शंका नेमकी कशाची आहे? मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. तापमान वाढते आहे आणि ते माणसामुळे, याबद्दल वाद उरलेला नाही. शंका आहे ती 'किती' याची, आणि ती दोन्ही बाजूंना लागू आहे. 'कदाचित कमी होईल' एवढेच आपण ऐकतो, 'कदाचित जास्त होईल' हे सोयीस्करपणे विसरतो.

आपल्या लंडनने असाच एक निर्णय पूर्वी घेतलेला आहे. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना वूलिचजवळचे थेम्स बॅरियर दाखवतो, त्याची ही गोष्ट. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या वादळाने भरतीचे पाणी किनाऱ्यावर चढले. इंग्लंडमध्ये ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८०० हून अधिक माणसे गेली. मध्य लंडन थोडक्यात वाचले. बॅरियर बांधा, अशी शिफारस पुढच्याच वर्षी झाली. मग वर्षानुवर्षे घोळ. असा पूर पुन्हा केव्हा येणार? जहाजांच्या वाटेचे काय? शेवटी सरकारने हा प्रश्न हर्मन बॉन्डी या गणितज्ञाकडे सोपवला. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिर विश्वाची कल्पना मांडणारे तेच हे बॉन्डी. विश्वाबद्दलची ती कल्पना पुढे बहुतेक शास्त्रज्ञांनी सोडून दिली, पण पुराबद्दलचा सल्ला टिकला! १९६७ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की एखाद्या वर्षी पूर येण्याची शक्यता थोडी असली, तरी आला तर राजधानीच कोलमडेल, तेव्हा बंदोबस्त केलाच पाहिजे. १९७४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९८२ पासून बॅरियर कामाला लागले. तेव्हापासून ते दोनशेहून अधिक वेळा बंद करावे लागले आहे. २०१३-१४ च्या एकाच हिवाळ्यात ५० वेळा.

पुढे काय? समुद्र या शतकाच्या अखेरीस साधारण ३० सेंटिमीटर ते एक मीटर चढेल असा अंदाज आहे. ध्रुवांकडचे बर्फ कसे वागेल हे कळत नसल्याने दोन मीटरही वगळता येत नाहीत. थेम्सच्या मुखासाठी २०१२ मध्ये केलेली योजना म्हणूनच एका आकड्यावर विसंबत नाही. पाणी मोजत राहायचे आणि ठरावीक पातळी आली की पुढचे पाऊल टाकायचे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही पद्धत फार आवडते.

मात्र ही सबुरी भिंतींच्या बाबतीत चालते. भिंत पुढे उंच करता येते. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे तिथेच राहतो. त्यामुळे तिथे 'पाहू पुढे' म्हणणे हाही एक निर्णयच, आणि तो मागे घेता येत नाही.

नंतर फोनवर मी डॉक्टरांना विचारले, "रोग्याला दहा वर्षांत हृदयविकाराची शक्यता दहा टक्के दिसली, तर तुम्ही काय करता?" म्हणाले, "स्टॅटिन सुचवतो." "नव्वद टक्के तर ठणठणीत राहणार आहेत!" ते हसले. मग म्हणाले, "पण तुमच्या एका पंपाने समुद्र थांबणार आहे का?" नाही थांबणार. पण इथली बहुतेक घरे गॅसवरच तापतात, आणि प्रत्येक घरात बॉयलर बदलायची पाळी पंधरा-वीस वर्षांतून एकदाच येते. आमची आली होती.

एप्रिलमध्ये पंप बसला. त्याच्यासाठी तुळशीची कुंडी हलवावी लागली, ते सौभाग्यवतींनी अजून माफ केलेले नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टर आणि वहिनी तो बघायला येणार आहेत. त्यांचाही बॉयलर आता पंधरा वर्षांचा झाला आहे.