काळ्या मातीतली बोलेरो

वाशिम जिल्ह्यात पोलिसांची गाडी म्हणजे बहुधा बोलेरोच. दीड लिटरचं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम 75 अश्वशक्ती. समृद्धी महामार्गावर 120च्या वेगाने निघालेल्या मोटारीमागे ती धापाच टाकणार. पण मानोरा तालुक्यातल्या खड्ड्यांत तिची बॉडीपासून वेगळी, मजबूत चासी कामी येते. बिघाड झाला तर तालुक्याचा मिस्त्रीही दुरुस्त करतो. पावसाळ्यात काळ्या मातीचे गोळे चाकांना चिकटले, की मात्र तीही फसते. इंजिनाचा जोर मागच्याच चाकांना, दुसरं काय! 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन आला, की गाडीतल्या पडद्यावर ठिकाण दिसतं. उभ्या गाडीत दिवे आणि वायरलेस चालूच. त्यामुळे खरा ताण बॅटरीवर.