बाळाचे दूध : ना दाट, ना पातळ

काही कारणाने डॉक्टर बाळाला डब्याचे दूध सुरू करायला सांगतात आणि घरात सल्ल्यांना ऊत येतो. ‘‘पावडर जरा जास्त घाल, बाळ चांगले बाळसे धरेल,’’ आजी म्हणते. ‘‘डबा केवढा महाग! एक चमचा कमी घातला तर काय बिघडले?’’ दुसरे कुणी सुचवते. दोन्ही सल्ले बाळाला बाधू शकतात, कारण त्या पावडरीतील क्षार मोजूनमापून घातलेले असतात.

क्षार कशासाठी मोजायचे?

गाईच्या दुधात आईच्या दुधापेक्षा कॅल्शियम सुमारे चौपट आणि सोडियम जवळजवळ तिप्पट असते. वासराला ते मानवते, पण बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो. म्हणून पावडर बनवताना हे क्षार कमी केले जातात. लोहाचे मात्र उलट आहे. आईच्या दुधात लोह थोडेच असते, पण ते बाळाच्या अंगी चांगले लागते. पावडरीतले लोह तितके शोषले जात नाही, म्हणून ते जास्त घालावे लागते.

हे प्रमाण चुकले तर काय होते, हे अमेरिकेत दिसले. १९७८ साली तेथील एका कंपनीने सोयाबीनच्या शिशुआहारात मीठ घालणे बंद केले. त्यामुळे त्यातील क्लोराइड फारच घटले. १९७९ मध्ये तो आहार घेणाऱ्या काही बाळांची भूक मंदावली, वजन वाढेना. अखेर तो माल बाजारातून परत घेण्यात आला आणि १९८० मध्ये शिशुआहारातील पोषक घटकांचे किमान प्रमाण ठरवणारा कायदा झाला.

घरातील चूक

कारखान्यात नीट मोजलेले प्रमाण घरातही बिघडू शकते. शिगोशीग चमचा भरून दूध दाट केले, तर बाळाच्या रक्तातील सोडियम वाढून झटकेही येऊ शकतात. दाट दूध प्यायल्याने बाळाला तहान लागते, ते रडते आणि भूक लागली समजून त्याला पुन्हा तेच दूध पाजले जाते! उलट, पातळ दुधाने पोट भरल्यासारखे वाटते, पण पोषण होत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

● त्याच डब्यातील चमचा वापरा. तो दाबून भरू नका, वरून सपाट करा.
● उकळून किंचित निवलेले पाणी आधी मोजून घ्या, मग पावडर घाला. पाणी ७० अंश सेल्सियसपेक्षा थंड नसावे. पाजण्यापूर्वी दूध कोमट करा.
● वरून मीठ, साखर किंवा मध घालू नका.
● बाळाने उरवलेले दूध पुन्हा पाजू नका.

भारतात १९९२ च्या कायद्याने अशा डब्यांवर बाळाचे चित्र छापण्यास मनाई आहे. त्यामुळे गोंडस चेहरा शोधण्याऐवजी दूध तयार करण्याची कृती वाचा. पहिले सहा महिने आईचे दूधच सर्वोत्तम. डबा उघडायचाच झाला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उघडा आणि चमचा मोजूनच घाला.